भिंतीवरची बाई

चहाच्या कपबश्या उंबऱ्यावर ठेवून राजमतीनं दाराची कडी एकदा वाजवली, सवयीनं फटीला डोळा लावला, आणि पाहते तर दुकानात एक परका माणूस तिचं तोंड हातात धरून उभा होता.

तोंड कागदावर होतं. वर टिनाची पट्टी, पट्टीला दोरा, खाली सत्तावन्न सालचे बारा महिने. मधल्या चौकोनात एक बाई सूप घेऊन ओसरीवर बसली होती. पदर डोक्यावरून खांद्यावर घसरलेला, मान जरा वर, आणि ती हसत होती. दात दिसेपर्यंत हसत होती. तसल्या पोपटी रंगाचं लुगडं राजमतीकडे कधी नव्हतं, बांगड्याही इतक्या नव्हत्या. पण सूप धरताना अंगठा आत दुमडायची रीत तिची होती, आणि हसताना एका बाजूला पळणारा ओठही तिचाच. तिनं डोळा काढून घेतला. दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून थोडा वेळ उभी राहिली. दार तिकडून किलकिलं झालं, कपबशी उचलल्याचा आवाज आला, फुंकर घातल्याचा आवाज आला. मग तिनं पुन्हा डोळा लावला.

"देव आहेत, सेठजी, पाहिजे तर," तो माणूस म्हणत होता. नागपूरच्या कुठल्याशा छापखान्यातर्फे कॅलेंडरांची ऑर्डर घेत तो गावोगाव फिरत होता. "लक्ष्मी आहे, कृष्ण आहे. सिनेमातल्या बायाही आहेत, पण त्या पानठेल्याला ठीक. घरात कोण लावू देतं? औंदा मागणी हिची आहे. साधी बाई. जिथं दाखवतो तिथं माणूस म्हणतो, अरे, ही तर आमच्या घरची दिसते. आता तुम्हीच सांगा, लक्ष्मीकडे पाहून कोणी म्हणतं का असं?"

फूलचंदजींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. कॅलेंडर हातभर लांब धरलं, मग जवळ धरलं, मग उजेडाकडे तोंड करून धरलं. राजमती या माणसाची सून होती. नऊ वर्षं ती त्यांच्या ताटात भाकरी वाढत होती. तेवढ्या काळात त्यांनी तिची बोटं पाहिली होती, पायातली जोडवी पाहिली होती, तोंड एकदाही पाहिलं नव्हतं.

"तोंड चांगलं हाय," ते म्हणाले. "डोयात कपट नाई. हेच छापा, खाली आपल्या दुकानाचं नाव टाका. अन् हा नमुना राहू द्या इथीसा." त्यांनी स्वतः स्टुलावर चढून खिळा ठोकला आणि गादीच्या समोर, शिरपूरच्या पार्श्वनाथाच्या तसबिरीच्या शेजारी, बाई टांगली. ती जागा नेमकी फटीच्या सरळ रेषेत येत होती.

दुकान पुढे, घर मागे, मधे हे सागवानी दार. त्याची कडी घराच्या बाजूनं होती आणि ती बायकांनी वाजवायची असे. एकदा वाजली तर चहा, दोनदा वाजली तर जेवण. उलट, दुकानातून घरात शिरताना फूलचंदजी उंबऱ्यावर खाकरत, आणि खाकरणं ऐकलं की आत पदर पुढे येत. तीन पिढ्यांमागे हे लोक राजस्थानातून वाशीमला आले. ताटात ज्वारीची भाकरी आली, बोली पार वऱ्हाडी झाली. घुंघट तेवढा आला तसा राहिला. सून सासऱ्यापुढे तोंड उघडत नसे, दोन्ही अर्थांनी, आणि सासराही सुनेशी थेट बोलत नसे. काही सांगायचं झालं तर बायकोमार्फत सांगावं. बायको जवळ नसली तर भिंतीला सांगावं. फूलचंदजी पाटावर बसले की समोरच्या भिंतीला म्हणत, "वरनात मीठ जरासं कमी हाय," आणि राजमती मीठ आणून ठेवी. पहिल्या वर्षी तिला याचं फार हसू यायचं. ते गिळता गिळता पोटात दुखायचं. पुढे भिंतीची सवय झाली. त्या भिंतीला हातभर उंचीवर एक पोपडा आला होता, आणि फूलचंदजी त्या पोपड्याशी फार हळू, फार सांभाळून बोलत. स्वतःच्या मुलाशीसुद्धा ते इतक्या मायेनं बोलत नसत. पोपड्याला एकदा त्यांनी विचारलं होतं, "ताप उतरला का?" तेव्हा राजमतीला दोन दिवस ताप होता.

फोटो शेलूबाजारचा होता. हे आठवायला तिला वेळ लागला नाही; आठवण अशी आली की जणू ती ओसरीवरच बसून होती आणि मधली दोन वर्षं कोणी तरी काढून घेतली. राखीला माहेरी गेली होती. तिचा भाऊ झुंबरलाल, त्याचा अमरावतीच्या शाळेतला दोस्त आला होता, गळ्यात पेटीसारखा कॅमेरा. ती मूग पाखडत होती. माहेरी पदराला काही काम नसतं. तो जिथं पडेल तिथं पडलेला असतो. झुंबरलाल तिची नक्कल करत होता, सासरी ती कशी आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखी चालते आणि खांबाला कशी 'सरका ना' म्हणते. ती हसली. तिचं हसणं माहेरी प्रसिद्ध होतं. लहानपणी ती हसली की शेजारच्या गोठ्यातली म्हैस कान टवकारते, असं वडील म्हणत, आणि आई म्हणे, "बाप्पा, चारचौघींसारखी हास ना, पोरी." तेवढ्यात कट्‌ असा आवाज झाला. "कायले काढला?" असं ती ओरडली. तो दोस्त म्हणाला, "ताई, पेटीत गेला आता. पेटीतून कुठं जातो?" तिला ते पटलं होतं. पेटीत गेलेली वस्तू पेटीतच राहते, हे घरातल्या प्रत्येक वस्तूबाबत खरं होतं.

आता तो फोटो पेटीतून निघून, कुठल्या कुठल्या हातांतून जाऊन, कोणा पेंटरनं रंगवून, सासऱ्याच्या दुकानात टांगला गेला होता. तिला भीती वाटली, आणि भीतीला नाव होतं. गल्लीतल्याच एका जैन घरातली सून रुपाबाई. अकोल्याच्या स्टुडिओत नणंदेच्या नवऱ्यानं हौसेनं सगळ्यांचा फोटो काढवला, त्यात रुपाबाईचं तोंड उघडं होतं. फोटो तिच्या सासऱ्यानं पाहिला. कोणी काही बोललं नाही, कोणी हात उचलला नाही. तिला माहेरी पोचवलं आणि परत आणायला कोणी गेलं नाही, इतकंच. दोन वर्षांनी आणली तेव्हापासून तिचं माहेर बंद. राजमतीनं रुपाबाईला मंदिरात पाहिलं होतं. ती बोलत असे, प्रसाद घेत असे, सगळं करत असे, पण तिच्या हातात घाई नव्हती. ज्या बाईला वर्षातून दोनदा कुठं तरी जायचं असतं तिच्या हातात एक घाई असते. रुपाबाईची ती घाई गेली होती. राजमतीला वाशीम सोडून जायचं नव्हतं. तिला फक्त राखी आणि दिवाळी हवी होती, शेलूबाजारची ओसरी हवी होती, पदर पडेल तिथं पडू देणारे ते आठ दिवस हवे होते. ते जातील. झुंबरलालला या घराचं दार बंद होईल. आणि हे सगळं एका माणसाला 'अरे' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात होईल.

पण 'अरे' कोणी म्हणेना. एक दिवस गेला, आठवडा गेला. ती कडी वाजवायला जाई, फटीला डोळा लावी, आणि तिकडून ती बाई हसत असे. हळूहळू तिच्या लक्षात आलं की या घराची रचनाच अशी आहे, की जे तिचं तोंड ओळखतात ते दुकानात जात नाहीत, आणि जे दुकानात जातात त्यांनी तिचं तोंड पाहिलेलं नाही. सासूबाई गुडघ्यांमुळे अंगणापलीकडे जात नसत, आणि गुडघे नसते तरी गेल्या नसत्या. मंदिरातल्या बाया घरामागच्या दारानं येत. दुकान पुरुषांचं होतं. पुरुष येत, गूळ घेत, तेल घेत, आणि पुडी बांधून होईस्तोवर भिंतीकडे पाहत.

"सेठजी, हे बाई कुटं पाह्यल्यासारखी वाटते," एकदा रामसिंग म्हणाला. अनसिंगकडचा शेतकरी, आवाज शेतातला, दुकानात मावत नसे. राजमतीनं कडीवरचा हात मागे घेतला. "हां! माह्यी बहीन. मालेगावले देली ते. बिलकुल हेच हासनं. घरात हासली का रस्त्यावरचा मानूस थांबे."

"तुह्यी बहीन कायची?" तेलाची बाटली घेऊन उभा असलेला म्हातारा पुंजाजी म्हणाला. त्याची बैलगाडी स्टेशनावर माल न्यायला असे. "आमची मालकीन होय हे. जवानीतली. मूग निवडासाठी बसली का अशीच बसे. मी म्हनो, हासतं का निवडतं? खडे राह्यतीन. राह्यलेच तं राह्यलेच." त्यानं बाटली दुसऱ्या हातात घेतली. "माहे तं दातच गेले ते खडे खाऊन."

दुकान हसलं. दाराआड राजमतीही हसली असती, पण तिला आपल्या तोंडाची शाश्वती राहिली नव्हती. ते एकाच वेळी मालेगावला होतं आणि पुंजाजीच्या मेलेल्या बायकोपाशीही होतं. ही कोण बाई, जी सगळ्यांची होती? आई म्हणे चारचौघींसारखी. लग्न ठरल्यावर मावशी म्हणाली, चारचौघींसारखी राहा. राजमतीला वाटे, या चारचौघी कुठं तरी खरंच राहत असतील. चौघी बहिणी असतील, एकसारखं लुगडं नेसणाऱ्या, बेताचं हसणाऱ्या, कधी तरी त्या भेटल्या की त्यांच्याकडे पाहून शिकून घेता येईल. त्या कधी भेटल्या नाहीत. तिनं अंदाजानं शिकून घेतलं. नऊ वर्षं हसू लहान करत आणलं, पावलांचा आवाज काढून टाकला, बोलणं वाटीत मावेल इतकं ठेवलं. आणि आता छापखान्यानं चारचौघींचं चित्र काढायचं ठरवलं तेव्हा नेमकी ती बाई घेतली होती जी माहेरच्या ओसरीवर शिकलेलं सगळं विसरून बसली होती.

एक गोष्ट मात्र त्या चित्रात नव्हती. ती तिला पाचव्या की सहाव्या दिवशी दिसली, उन्हं तिरपी होऊन कॅलेंडरवर पडली तेव्हा. राजमतीच्या डाव्या भुवईवर खोक होती. नागपंचमीच्या झोक्यावरून पडली होती, सात वर्षांची असताना. भुवई तिथं दुभंगून पुन्हा सुरू होत असे. चित्रातली भुवई सलग होती. पेंटरनं तांदळातला खडा काढावा तशी खोक उचलून टाकली होती. आधी तिला हायसं वाटलं. मग ही मी नव्हेच, असं तिनं स्वतःला सांगितलं. कोणी विचारलंच तर भुवई दाखवता येईल. त्या दिवशी तिनं गुणगुणत भांडी घासली. पण संध्याकाळी वेणी घालताना बोट आपसूक भुवईकडे गेलं, खोकीत टेकलं आणि तिथंच राहिलं. मुलगी पाहायला आल्या होत्या तेव्हा सासूबाईंनी तिची हनुवटी वर केली होती आणि याच खोकीवर अंगठा फिरवला होता. आईचा जीव वर-खाली झाला होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. अंगठा फक्त दोनदा फिरवला. त्यानंतर त्या खोकीबद्दल या घरात एकदाच बोलणं झालं. पहिल्या महिन्यात नवऱ्यानं विचारलं होतं, "हे काय झालं होतं?" तिनं झोका सांगितला. तो म्हणाला, "हं."

नवरा, अजितकुमार, मालाच्या खरेदीला अकोल्याला गेला होता. तो दुकानातही बसे, आणि घरात तिचं उघडं तोंडही त्याच्यापुढे असे. तो एकटाच दाराच्या दोन्ही बाजूंचा होता. तो परत येईल आणि पाहील, तेव्हा काय ते होईल, असं धरून ती दिवस काढत होती. तो आला. दिवसभर दुकानात बसला, त्या बाईसमोर. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सदऱ्याची बटणं लावत असताना तीच म्हणाली, "दुकानात नवीन कॅलेंडर लावलं म्हन्तेत."

"हो. बाबूजींनी पसंत केलं."

"कसं हाय?"

"बाई हाय एक. सूप घेऊन."

"कोनासारखी दिसते?"

त्यानं खरंच आठवून पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. विचारलं तर विचार करून उत्तर देई. "कोनासारखीबी नाई," तो म्हणाला. "बाईसारखी बाई. हे वरचं बटन तुटलं वाटते."

तिनं सुई आणून बटण शिवलं. त्याच्या गळ्यापाशी दोरा दातानं तोडताना तिचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर होतं, आणि तो वर आढ्याकडे पाहत होता, कारण दिवसाउजेडी बायकोकडे पाहायची या घराला सवय नव्हती. तो गेल्यावर ती तिथंच बसली. सुटले, असं तिला वाटलं. हा सगळ्यात अवघड होता आणि यातूनही सुटले. मग सुटलेल्या माणसाला इतकं एकटं का वाटावं, हे तिला कळेना. तिनं कोनाड्यातला आरसा काढला आणि हसून पाहिलं. आरशातली बाई दात दाखवत होती. त्याला हसणं म्हणता आलं नसतं.

मग रामीबाईची पाळी आली. पलीकडच्या वस्तीवरची ही म्हातारी मंगळवारी तूप घेऊन मागच्या अंगणात येई, राजमतीसमोर बसून गप्पा मारी, आणि जाताना पुढून दुकानात मीठ-मिरची घेई. तिची आठवण राजमतीला आधी झालीच नव्हती. मंगळवारी ती तूप देऊन पुढे गेली तेव्हा राजमतीला हे एकदम उमगलं. ती दाराकडे धावली. फटीतून रामीबाईची पाठ दिसत होती, कमरेवर हात.

"हे तं..." रामीबाई म्हणाली.

फूलचंदजींनी वर पाहिलं. "काय हे तं?"

"हे तं माह्यी कमळी होय! सेठजी, माह्या पोरीचा फोटो तुमच्यापाशी कसा आला वं माय?" आणि ती तिथंच पदरानं डोळे पुसू लागली. कमळी आठ वर्षांमागे लांब दिली होती, साखर कारखान्याकडे. येणं होत नव्हतं.

"छापील हाय, रामीबाई. कोनाचाबी नाई तो."

"कोनाचाबी कसा नाई? मी काय आंधळी हाओ?"

पुढच्या मंगळवारी अंगणात, राजमतीच्या तोंडाकडे टक लावून पाहत, ती राजमतीलाच सांगत होती, "तुमच्या सासऱ्यानं माह्या कमळीचा फोटो लावला दुकानात. तुमी पाह्यला नसन. गोरी केली तिले जराशी, पन डोये तेच." राजमती म्हणाली, "हो का?" आणि तुपाच्या भांड्यावर वाकली. त्या दिवशी तिला वाटलं, आता काही होत नाही. ही बाई सगळ्यांची आहे. सगळ्यांची आहे म्हणून माझी असल्याचं कोणाच्या मनात येणार नाही. गर्दीत शिरलेल्या माणसाला कोणी पकडत नाही, तसं काहीसं. तिनं त्या रात्री निवांत झोप घेतली.

मार्गशीर्षात पुंजाजीच्या गाडीतून कॅलेंडरांचा गठ्ठा आला, आणि त्यातलं एक सुतळी सोडवून अजितकुमारनं घरात आणून टाकलं. "आईले दे," असं नाही, काही नाही. नुसतं ओट्यावर टाकलं आणि गेला. गर्दीत कोणी पकडत नाही, हा हिशेब पुरुषांच्या गर्दीचा होता. आता ही बाई वाशीमच्या घरोघरी जाणार होती, मंदिरातल्या बायांच्या स्वयंपाकघरात, रुपाबाईच्याही. आणि सगळ्यात आधी इथं. राजमतीनं ते गुंडाळून डब्यामागे सारायला हात लावला, तेव्हा मागून सासूबाईंचा आवाज आला.

"काय होय ते? आन इकडं."

भागिरथीबाई स्वयंपाकघराच्या दारात खांबाला धरून उभ्या होत्या. मोठ्या हाडाची, कमी बोलणारी बाई. राजमतीला त्यांची भीती वाटे ती त्या रागावत म्हणून नव्हे, रागावत नाहीत म्हणून. त्या पाटावर बसल्या, एक पाय लांब केला, कॅलेंडर मांडीवर उलगडलं. खिडकीतून ऊन येत होतं. राजमती ओट्यापाशी उभी राहिली. तिला शेलूबाजारची ओसरी दिसली, आणि त्या ओसरीवर ती एका ट्रंकेसह बसलेली दिसली, आणि झुंबरलाल समोर उभा, नक्कल न करता.

भागिरथीबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी अंगठा उचलला आणि चित्रातल्या डाव्या भुवईवर फिरवला. एकदा फिरवला, थांबल्या, पुन्हा फिरवला.

"खोक काढून टाकली मेल्यानं," त्या म्हणाल्या.

राजमती त्यांच्यासमोर खाली बसली.

"कुठं काढला? झुंबरच्या घरी?"

"हो." आवाज वाटीत मावेल इतकाही नव्हता. "मले मालूम नव्हतं, आत्याबाई. राखीले. त्याचा दोस्त आला होता. मी मूग पाखडून राह्यली होती. मले वाटलं पेटीत राह्यते तो."

"मुगाचं सूप असं धरतेत का? अंगठा आत? म्हनून तुह्या मुगात खडे निघतेत." भागिरथीबाई अजून चित्राकडेच पाहत होत्या. "तोंड बरं आलं. तू इकडं कधी हासली नाई अशी."

राजमती रडू लागली. ते भीतीचं रडणं नव्हतं हे तिलाही कळत होतं. कोणी तरी 'अरे' म्हणालं होतं, आणि ट्रंक ओसरीवरून उठून गेली होती.

"रडू नोको. त्यायले सांगू नोको, अन् अजितलेबी नाई. ज्याले दिसलं नाई त्याले दाखवू नाई." भागिरथीबाईंनी कॅलेंडरची वळलेली कड सपाट केली. बोलल्या तेव्हा चित्राशीच बोलल्यासारख्या. "माह्ये सासरे गेले तवा मीच होती जवळ. कोनी नव्हतं घरात. पानी मागतलं. म्या घुंघटातून पाजलं. तोंडात गेलं का उशीवर सांडलं, मले दिसलं नाई. तेवीस वर्सं त्यायच्या ताटात वाढलं, अन् त्यायनं मरतानाबी इचारलं, कोन हाय ती?" त्यांनी हात पुढे केला. "खिळा आन एक. अन् बत्ता."

"कुठं लावता?"

भागिरथीबाईंनी भिंतीकडे बोट केलं. पाटासमोरची भिंत, पोपडा होता ती. "नऊ वर्सं झाले, भिंतीशी बोलून राह्यलेत. भिंतीले तोंड नोको?"

जैनांच्या घरात संध्याकाळचं जेवण सूर्य असताना होतं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन सरळ त्या भिंतीवर येत होतं, तेवढ्यात उंबऱ्यावर फूलचंदजी खाकरले. राजमतीनं पदर छातीपर्यंत ओढला. भिंतीवरच्या बाईनं ओढला नाही. फूलचंदजी पाटावर बसले, वर पाहिलं आणि प्रसन्न झाले.

"इथंबी लावली का? चांगलं केलं. लय पायगुनाची निघाली हे. दुकान उघडलं का आधी हिचं तोंड पायतो मी."

"मंग उदबत्तीबी ओवाळत असान," भागिरथीबाई पंख्यानं वारा घालत म्हणाल्या.

"ओवाळतो ना. पार्श्वनाथाले ओवाळली का हिलेबी. बाजूलेच तं हाय."

"रोज?"

"रोज. कायले?"

"काई नाई. हातबी जोडत असान."

फूलचंदजी जरा ओशाळले. "आता उदबत्ती ओवाळली का हात आपोआप जोडले जातेत."

घुंघटाच्या आत, तांबूस उजेडात, राजमतीच्या मनात एकदम ते शब्द आले जे म्हाताऱ्या बाया पाया पडणाऱ्याला म्हणतात: असू द्या, असू द्या. तिनं ओठ दाबले. भाकरीच्या टोपलीवर वाकली. तिला पंखा थरथरताना दिसला, पंखा धरलेला सासूबाईंचा मोठा हात दिसला, आणि नऊ वर्षं वाटीत ठेवलेलं हसू टोपलीवर, ओट्यावर, भिंतीवर सांडलं. अंगणापलीकडे शेजाऱ्याची गाय हंबरली.

फूलचंदजींचा घास हातात राहिला. "काय झालं?"

"ठसका लागला तिले," भागिरथीबाई म्हणाल्या. त्यांनाही बोलणं जड जात होतं.

फूलचंदजींनी आपल्या पाटाजवळचा तांब्या पुढे सरकवला. मग रिवाजाप्रमाणे समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं पोपडा नव्हता. तिथं ती होती, उन्हात, दात दिसेपर्यंत हसणारी, आणि त्यांनी सरळ तिच्या डोळ्यांत पाहून, हळू, फार सांभाळून म्हटलं,

"पानी पे, बाई. सावकाश."

राजमतीनं तांब्या घेतला आणि पाणी प्यायली.